भोंगा गेला, पाळी संपली नाही

लोअर परळच्या ज्या आवारांत एकेकाळी गिरणीचा भोंगा वाजत असे, तेथे आज काचेच्या इमारती उभ्या आहेत. त्यांतील काही कचेऱ्यांत जाहिरातीचा आणि जनसंपर्काचा धंदा चालतो. रात्री दहा वाजता तेथे दिवे जळताना दिसले की आपल्यातीलच काही जण कौतुकाने म्हणतात, ‘पोरे मोठी मेहनती आहेत!’ या कौतुकाचीच आज झडती घेतली पाहिजे. गिरणीचा भोंगा पाळी सुरू झाल्याचे सांगे, तसा ती संपल्याचेही सांगे. येथे पाळी संपल्याचे सांगणारे कोणीच नाही.

या धंद्याची घडण समजून घेऊ. ग्राहक कंपनी जनसंपर्क संस्थेला बहुधा दरमहा ठराविक रक्कम देते. प्रसिद्धिपत्रके लिहिणे, वार्ताहरांचा पाठपुरावा करणे, मुलाखती जमवणे, छापून आलेल्या बातम्यांचा अहवाल देणे, हे तिच्या बदल्यात करावयाचे काम. रक्कम ठरलेली असते. कामाला मात्र सीमा नसते. ग्राहक हातचा जाऊ नये म्हणून मालक प्रत्येक नव्या मागणीला होकार देतो आणि त्या होकाराची किंमत कर्मचारी मोजतो. तीन ग्राहक सांभाळणाऱ्या मुलीवर चौथा लादला की संस्थेचे उत्पन्न वाढते, पगाराचा खर्च जागच्या जागी राहतो. कोणी थकून नोकरी सोडली तर त्याचे काम उरलेल्यांत वाटले जाते.

याला ‘गलथान व्यवस्थापन’ म्हणण्याची रीत पडली आहे. हा शब्द फसवा आहे. गलथानपणाने मालकाचे नुकसान व्हावयास हवे. येथे तर त्याचा नफा होतो. ज्या अव्यवस्थेतून दरमहा फुकट श्रम मिळतात, ती अव्यवस्था दुरुस्त करण्याची निकड मालकाला का वाटावी? तणावमुक्तीची शिबिरे भरवून हा प्रश्न सुटणार नाही, कारण तो स्वभावाचा नसून हिशेबाचा आहे.

तो हिशेब मांडून पाहू. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने आठवड्याचे ४८ तास ठरवले, जादा कामाला दुप्पट वेतन सांगितले आणि तीन महिन्यांत १२५ तासांहून अधिक जादा काम घेऊ नये, असे बंधन घातले. पाच दिवस रोज बारा तास काम करणारा कर्मचारी आठवड्याला १२ तास जादा राबतो. तेरा आठवड्यांत ते १५६ तास होतात. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा १४४ तासांवर आणि कामाचा दिवस नऊवरून दहा तासांवर नेण्यास मान्यता दिली. ती वाढीव मर्यादाही येथे ओलांडली जाते. आणि दुप्पट वेतन किती जणांच्या हाती पडते? व्यवस्थापकीय, पर्यवेक्षकीय व गोपनीय स्वरूपाच्या पदांना हा कायदा लागू नाही. म्हणून हाताखाली एकही माणूस नसलेल्या तेवीस वर्षांच्या मुलाला ‘मॅनेजर’ म्हणावयाचे, की काम भागले!

हे सारे कोठवर जाते, ते जपानने पाहिले आहे. देन्त्सू या तेथील बलाढ्य जाहिरात कंपनीच्या २४ वर्षांच्या एका कर्मचाऱ्याने १९९१ साली अतिश्रमाने खचून आत्महत्या केली. २००० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरले. तरीही २०१५ च्या नाताळच्या दिवशी त्याच कंपनीतील २४ वर्षांच्या एका मुलीने त्याच कारणाने जीव दिला. २०१७ साली न्यायालयाने कंपनीला बेकायदा जादा कामाबद्दल दंड केला, तो पाच लाख येनांचा! एवढ्या मोठ्या कंपनीला ही रक्कम म्हणजे किरकोळ खर्च. चोवीस वर्षांत दोनदा घडते, त्याला अपघात म्हणता येत नाही.

आपले काही साथी म्हणतील, ‘ही इंग्रजी बोलणारी, पांढरपेशी मुले. त्यांचा कामगार चळवळीशी काय संबंध?’ संबंध असा की नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याने १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना मिळवून दिलेला रविवार आज या मुलांकडून फोनवरच्या एका संदेशाने काढून घेतला जातो. पोशाख बदलला म्हणून शोषण बदलत नाही. त्यातून ही मुले अधिक एकाकी आहेत. दुसऱ्याच्या नावाला झळाळी देणाऱ्या धंद्यात स्वतःची तक्रार उघड बोलणे म्हणजे नोकरी गमावणे. निवडणुकीच्या हंगामात राजकीय पक्षही अशा संस्थांचे ग्राहक होतात आणि मध्यरात्री मजकूर मागतात. आपण त्याला कितपत अपवाद आहोत, हेही तपासावे.

कर्नाटकात २०२४ साली कामाचा दिवस चौदा तासांपर्यंत नेऊ पाहणाऱ्या प्रस्तावाविरुद्ध माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील कर्मचाऱ्यांची संघटना उभी राहिली. म्हणजे पांढरपेशे संघटित होतच नाहीत, ही सबब टिकत नाही. प्रत्येक कचेरीत तासांची नोंद ठेवा, कायद्याचे संरक्षण पदनामावर नव्हे तर प्रत्यक्ष कामावर ठरवा, जादा तासांचे दुप्पट वेतन द्या: या तीन मागण्या घेऊन आपल्या कार्यकर्त्यांनी त्या काचेच्या दारांशी गेले पाहिजे. त्या आवारांचा रस्ता आपल्या चळवळीला नवा नाही.