डोंगरपट्ट्यातील प्रसूतिगृहासाठी नवीन स्वतंत्र इमारत बांधण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नंदुरबार

संदर्भ : यापूर्वीचे अर्ज, ग्रामसभांचे ठराव व स्मरणपत्रे

महोदय,

अक्राणी तालुक्यातील आमच्या पाड्यांसाठी असलेल्या प्रसूतिगृहाची अवस्था प्रशासनाला नव्याने सांगण्याची गरज नाही. सर्व अर्जांच्या पोचपावत्या आमच्याकडे आहेत. ‘पावसाळा संपताच नवीन इमारतीचे काम सुरू करू’ असे आश्वासन मिळाले होते. प्रत्यक्षात जुन्या भिंतींना रंग दिला गेला, आणि पुढच्या पावसात छत पुन्हा गळले.

ही इमारत मुळात बाळंतपणासाठी बांधलेलीच नाही. प्रसूतीची खोली आणि रुग्णांची रांग यांच्यामध्ये फक्त एक पडदा आहे. पलीकडे गावातली माणसे बसलेली असतात, म्हणून कळा सोसणारी बाई तोंडात पदर कोंबते. टेबल एकच, दुसरी बाई आली तर तिला व्हरांड्यात फरशीवर झोपवतात. नळ कोरडे असल्याने सासू हापशावरून पाणी आणते. वीज गेली की मोबाइलच्या उजेडात नाळ कापावी लागते. ओल्या बाळंतिणीला शौचालयासाठी भर पावसात आवार ओलांडावे लागते. पाहणीला आलेल्या साहेबांनी हे सारे पाहिले, वहीत लिहून नेले. पुढे काय झाले, ते कोणी कळवले नाही.

रस्ता नसलेल्या पाड्यांवरून बांबूच्या झोळीत आणलेल्या बाईला इथून पुन्हा पुढे पाठवतात. चांदसैली घाटात दरड कोसळली की तळोद्याचा रस्ता बंद होतो. अंगावरून रक्त जात असलेल्या बाईने तेव्हा काय करावे? सिकलसेल असलेल्या आमच्या लेकीसुनांना तर हा धोका अधिकच आहे. १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा जिल्हा झाला, तेव्हा दवाखाना जवळ येईल अशी आमची आशा होती.

मागण्या :
१. डागडुजी नको. शस्त्रक्रियागृह, रक्त साठवण केंद्र, नवजात बाळांचा कक्ष, पाणी व सौरवीज यांसह नवीन इमारत मंजूर करावी.
२. आवारातच गरोदर बायांना आधी येऊन राहण्यासाठी माहेरघर व स्वयंपाकघर असावे.
३. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि पावरी-भिली बोलणाऱ्या परिचारिका नेमाव्यात.
४. १०८ रुग्णवाहिका मुक्कामी ठेवावी.

आता तोंडी आश्वासन आम्हाला मान्य नाही. मंजुरी, निधी आणि काम सुरू होण्याची तारीख एका महिन्यात लेखी कळवावी. अन्यथा आमच्या बाया लेकरांसह आपल्या कार्यालयासमोर बेमुदत धरणे धरतील.

आपले विश्वासू,
डोंगरपट्ट्यातील समस्त महिला व ग्रामस्थ

सोबत : पूर्वीच्या अर्जांच्या पोचपावत्या, ग्रामसभांचे ठराव, छायाचित्रे