कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन : घाबरू नका, काही लपवूही नका

सीटी स्कॅनच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी ‘कॉन्ट्रास्टसह’ असे लिहिले की घरात कुजबुज सुरू होते. ‘त्या औषधाने किडनी जाते म्हणे,’ असे कुणीतरी सांगते आणि अब्बांची तपासणी पुढे ढकलली जाते. दुसऱ्या घरी संमतीचा कागद न वाचताच सही होते. आमच्या मते दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत.

साध्या सीटीत रक्तवाहिन्या आणि भोवतालचे मांस जवळजवळ सारखेच दिसते. शिरेतून दिलेले आयोडीनयुक्त औषध क्ष-किरणांना अडवते, म्हणून रक्तवाहिन्या, गाठी, सूज उठून दिसतात. एमआरआयसाठी गॅडोलिनियमयुक्त औषध असते. दोन्ही मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतात. म्हणूनच तपासणीआधी रक्तातील क्रिएटिनिन पाहतात.

सीटीचे इंजेक्शन देताना अंगात ऊब पसरते, तोंडाला धातूची चव येते, लघवी झाल्यासारखे वाटते. हे थोड्याच वेळात जाते. मात्र अंगावर गांधी उठल्या, घसा आवळला, श्वास लागला तर लगेच सांगावे. असा गंभीर त्रास साधारण १०,००० जणांत ४ जणांना होतो, तोही बहुधा पहिल्या अर्ध्या तासात. तेवढा वेळ तिथेच थांबावे.

आधी काय सांगावे? पूर्वी या औषधाचा त्रास झाला असल्यास ते सर्वांत आधी. मग किडनीचा आजार, दमा, थायरॉइड, गरोदरपण. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही. किडनी कमजोर असल्यास डॉक्टर ती गोळी तपासणीनंतर ४८ तास थांबवतात. आपल्या मनाने बंद करू नये. रमजानात तपासणी ठरली तर रोजा असल्याचे सांगावे, कारण शरीरात पाणी कमी असणे किडनीला चांगले नाही.

कोळंबी खाल्ल्यावर खाज येते, म्हणून हे इंजेक्शन चालणार नाही, असा समज अनेक घरांत आहे. ती ॲलर्जी कोळंबीतील प्रथिनाची असते, आयोडीनची नव्हे. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुधातही औषध अत्यल्प उतरते, त्यामुळे सहसा दूध तोडावे लागत नाही.

अब्बा-अम्मी डॉक्टरांसमोर ‘सगळे ठीक आहे’ एवढेच म्हणतात. तेव्हा सोबत जाणाऱ्या मुलाने, सुनेने औषधांची पिशवी आणि जुने रिपोर्ट बरोबर न्यावेत आणि संमतीचा कागद त्यांना वाचून दाखवावा.