मुलांचें ताट व आपलें शेत

सोयगांव तालुक्याच्या पीकपाहणींत आज कपाशी व मका यांचीच गर्दी दिसते. नगदी पिकांस आमचा विरोध नाहीं. परंतु शेतकऱ्याच्या मुलांनीं दुकानच्या बिस्किटांवर न्याहारी करावी, हें लाजिरवाणें होय. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें भरडधान्यांचें वर्ष पाळलें. आमच्या ताटांतील बाजरी मात्र घटतच आहे. तांदळाहून तींत लोह अधिक. कपाशींत तुरीच्या चार ओळी, बांधावर शेवगा, दोन गुंठे बाजरी व भुईमूग, एवढ्यानें कितीसें उत्पन्न बुडेल?

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांस रोज सरासरी ६० मिनिटें अंगमेहनत सांगते. हाकेवरच्या शाळेंत फटफटीनें पोर पोहोंचविणाऱ्या पित्यांनीं त्यांस पायीं धाडावें. सुटीस शेतावरही न्यावें. फवारणीच्या दिवसांत मात्र नव्हे.