'फेटलिंग'ची पाटी उतरवू नका

"असा इंग्रजी शब्दच नाही," बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाने सांगितलं आणि दुपारपर्यंत शेडच्या दारावरची 'फेटलिंग' ही पाटी उतरली. तिथं 'फिनिशिंग' लागलं. ही गोष्ट गेल्या मंगळवारची, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतली. मी तिथंच होतो, आणि तेव्हापासून मला चैन नाही.

शब्द आहे. चांगला हजार वर्षांचा आहे. जुन्या इंग्रजीत 'फेटेल' म्हणजे कमरपट्टा. पट्टा आवळला की माणूस कामाला सज्ज. म्हणून पुढे 'फेटल' म्हणजे सज्ज करणे, नीट लावणे. आपण 'कंबर कसली' म्हणतो, तीच वाट. दोन भाषांची एकमेकींशी ओळखही नव्हती, तेव्हा दोघींनीही तयारीची खूण कमरेवरच शोधली. आज प्रमाण इंग्रजीत हा शब्द 'प्रकृती ठणठणीत' अशा अर्थाच्या एखाद्या वाक्प्रचारापुरता उरलाय. उत्तर इंग्लंडच्या बोलीत आणि ओतकामाच्या धंद्यात मात्र तो टिकला.

शिरोलीत तर तो रोज राबतो. साच्यातून काढलेल्या पीसला वाळू चिकटलेली असते, रनर-रायझरचे खुंट असतात, दोन बॉक्सच्या सांध्यावर धातूची पातळ धार आलेली असते. खुंट हातोड्यानं उडवायचे, धार ग्राइंडरवर घासायची. ठिणग्यांचा झोत गुडघ्यापर्यंत येतो. नुसतं चकचकीत करणं म्हणजे फेटलिंग नव्हे. पीसची कंबर कसून त्याला मशीन शॉपला धाडणं म्हणजे फेटलिंग. 'फिनिशिंग'मध्ये हा अर्थ मावत नाही. त्या शेडमधले एक जुने मामा मला म्हणाले, "पाटी बदलली म्हणून काय झालं? आम्ही फेटलिंगच म्हणणार."

हा एकटाच शब्द नाही. साच्याच्या वरच्या पेटीला आपली पोरं 'कोप' म्हणतात; मूळ अर्थ अंगावर घ्यायचा झगा. साच्यात कोअरला आधार देणारा 'चॅपलेट' म्हणजे मुळात डोक्यावर घालायची फुलांची माळ. ओतलेल्या लोखंडात ती माळ विरघळून एकजीव होते.

शब्द कारखान्यात जगतात, हे मी या जागेवरून वारंवार लिहिलंय. जोसेफ राइट सहाव्या वर्षी कामाला लागले, यॉर्कशरच्या गिरणीत राबले, पंधराव्या वर्षापर्यंत त्यांना वाचताही येत नव्हतं. त्याच माणसानं पुढे ऑक्सफर्डला प्राध्यापकी केली आणि 1898 ते 1905 या काळात इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश काढला. कामकऱ्याच्या तोंडचा शब्द त्यांना चुकीचा वाटला नाही, कारण तो त्यांच्याच घरचा होता. कोशकार गिरणीतूनच यावा, असं माझं ठाम मत आहे.

आता आपल्या घरात बघा. 'कास्ट आयर्न'ला मराठीत 'बीड' हा नेमका शब्द आहे. घरात बिडाचा तवा असतो, जुन्या वाड्यात बिडाचे खांब असतात. पण रोज बीडच ओतणाऱ्या शिरोलीत ते 'सीआय' झालंय. धातू वितळवायची मूस, लोखंडाचं कीट, ओतारी हे शब्दही पन्नाशीच्या पुढच्यांकडेच ऐकू येतात. इंग्रजांनी अडगळीत टाकलेला शब्द आपण सांभाळला, याचा मला अभिमान आहे. स्वतःचा शब्द हातातून सुटतोय, याचं दुःख त्याहून मोठं आहे.

फाउंड्रीमालकांना माझी विनंती आहे. 'फेटलिंग'ची पाटी परत लावा. शेजारी बीड, मूस, कीट हे शब्दही रंगवा. आणि निवृत्तीला आलेल्या मोल्डरला घरी जाऊ देण्याआधी एक वही घेऊन त्याच्यासमोर बसा.