‘पॉझिटिव्ह’ म्हणजे चांगलं की वाईट?

मुलांना आपण ‘पॉझिटिव्ह विचार कर’ म्हणतो. तिथे हा शब्द चांगला. पण थुंकीचा रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला, तर टीबीचे जंतू सापडले असा त्याचा अर्थ. तेव्हा खूश होऊन घरी बसायचं नाही, सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारं औषध लगेच सुरू करायचं. तपासणीत जे शोधलं ते सापडलं, एवढंच हा शब्द सांगतो.

रक्तगटात अर्थ आणखी वेगळा. तिथे ‘निगेटिव्ह’ हा आजार नव्हे. रक्तात आरएच घटक नाही, इतकंच. मात्र आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डी इंजेक्शन द्यावं लागतं. नाहीतर पुढच्या बाळाला धोका असतो.

‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ माणसाला तर हा शब्द आडनावासारखा चिकटवतात. जातीचा शिक्का आपण पिढ्यानपिढ्या सोसला. आजाराचा शिक्का दुसऱ्यावर मारणं आपल्याला शोभत नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानेही अशा भेदभावाला बंदी घातली आहे.

तथागतांनी धम्म लोकांच्या बोलीत सांगितला. रिपोर्टही आपल्या बोलीत समजावून मागणं हा आपला हक्क आहे, असं आम्हाला वाटतं. काय सापडलं? त्याचा अर्थ काय? पुढे काय करायचं? हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय डॉक्टरांपुढून उठू नये. आणि शिकलेल्या पोरापोरींनी शेजारच्या आजीसोबत दवाखान्यात जावं.