सुई बदला, रेकॉर्ड वाचवा

अब्बांच्या पिढीने जपलेल्या एलपी रेकॉर्ड आपण हौसेने स्वस्त पेटीवजा प्लेअरवर लावतो. मला हे पटत नाही. अशा प्लेअरमध्ये बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असते. सुई थरथरली की आतली सिरॅमिकची पट्टी वाकते आणि वीज तयार होते. पण सुईचा भार ५ ग्रॅमच्या आसपास असतो, त्याने खाच झिजते. मूव्हिंग मॅग्नेटमध्ये सुईच्या दांडीवरचे चुंबक स्थिर कॉइलजवळ हलते. साधारण २ ग्रॅम भार पुरतो. मूव्हिंग कॉइलमध्ये कॉइलच हलते. बारकावे छान येतात, पण खर्च मोठा आणि सुई सहसा घरी बदलता येत नाही. म्हणून सामान्य घरासाठी माझा कौल मूव्हिंग मॅग्नेटला. झिजलेली सुई काढा, नवी बसवा. सुई बाजारात मिळते, खरवडून गेलेला आवाज मिळत नाही.