दाखला कोणाच्या हाती?

मराठीत 'दाखला' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. जन्माचा, जातीचा, शाळा सोडल्याचा दाखला हा एक कागद असतो; आणि वादात आपले म्हणणे पटवण्यासाठी आपण जे उदाहरण देतो तोही दाखलाच. दोन्ही अर्थांत एक गोष्ट गृहीत आहे. जे दाखवायचे ते दाखवणाऱ्याच्या हाती असते आणि पाहणारा समोर असतो. या गृहीतालाच आज तडा जातो आहे, आणि भाषेच्या अभ्यासकांनी त्याची नोंद घ्यायला हवी असे मला वाटते.

आमच्या भिवपुरी परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. अशा महाविद्यालयांतून पदवी घेऊन पुढील शिक्षणासाठी ब्रिटनला जाणाऱ्या मराठी मुलांना ही नवी व्यवस्था तेथे पोचताच भेटते. परदेशी माणसाला तेथे राहण्याचा हक्क आहे हे सांगणारे प्लॅस्टिकचे कार्ड पूर्वी मिळत असे. ६ एप्रिल २०२२ पासून नोकरी व घरभाड्याच्या तपासणीसाठी हे कार्ड चालेनासे झाले. कार्ड खिशात असूनही पुरावा संगणकावरूनच द्यावा लागू लागला. पुढे बहुसंख्य कार्डांची मुदत ३१ डिसेंबर २०२४ ला संपली आणि त्यांची जागा ई-व्हिसाने घेतली. आता सरकारी संकेतस्थळावर जाऊन नऊ अक्षर-अंकांचा एक संकेतांक मिळवायचा आणि तो मालकाला द्यायचा. मालक तो संकेतांक व जन्मतारीख भरतो, तेव्हा त्याच्या पडद्यावर आपले छायाचित्र आणि आपल्या हक्काचा तपशील उमटतो. संकेतांकाचे आयुष्य ९० दिवस. संकेतस्थळ बंद पडले, नोंदीत चूक राहिली किंवा जुना फोन क्रमांक बदलला, तर माणूस तोच, हक्क तोच, पण दाखवायला हाती काही नाही.

पाहणाऱ्याची बाजूही समजून घ्यावी. फेब्रुवारी २०२४ पासून, राहण्याचा हक्क नसलेल्या माणसाला पहिल्यांदा कामावर ठेवल्यास दर माणसी ४५ हजार पौंडांपर्यंत आणि घर दिल्यास १० हजार पौंडांपर्यंत दंड आहे. घरमालकावरची ही सक्ती फक्त इंग्लंडमध्ये आहे. एवढ्या भीतीखालचा मालक शंकेला जागा न देणारा भाडेकरू निवडणार, हे उघड आहे. २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने या योजनेमुळे वंशभेद होतो असा निर्वाळा दिला. २०२० मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. मात्र काही प्रमाणात भेदभाव होतो हे त्यानेही मान्य केले. घरमालकाला सीमेवरचा पहारेकरी केले की याहून वेगळे काय होणार?

यावर कोणी म्हणेल, कागदाने तरी कोणाचे भले केले? प्रश्न रास्त आहे. कॅरिबियन बेटांतून दशकांपूर्वी कायदेशीरपणे ब्रिटनला आलेल्या माणसांची आगमनपत्रे तेथील गृहखात्यानेच २०१० मध्ये नष्ट केली, आणि पुढे अशाच माणसांकडे पुरावे मागितले गेले. नोकऱ्या गेल्या, घरे गेली, काहींना देश सोडावा लागला; २०१८ मध्ये हे प्रकरण विंडरश या नावाने जगापुढे आले. आपल्याकडेही १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली कित्येक जमातींच्या माणसांना हजेरी द्यावी लागे, गाव सोडताना पास बाळगावा लागे. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण त्याचा डाग किती खोल गेला हे 'उचल्या' वाचलेल्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. तेव्हा कागद चांगला आणि यंत्र वाईट, असा हा सरळ सामना नाही.

कर्जत-खालापुरात आपणही याच वाटेवर आहोत. भाड्याची खोली घेताना आधारची प्रत लागते. भाडेकरार ऑनलाइन नोंदवताना आधारशी जुळणारा अंगठा लागतो. वीटभट्टीवर बोटांच्या रेषा झिजलेल्या कातकरी मजुराचा अंगठा यंत्राने ओळखला नाही, तर खोटे कोण ठरते? आणि २०१६ चा कायदा स्पष्ट सांगतो की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. जून २०२५ मध्ये पश्चिम बंगालच्या काही मजुरांना मुंबई-ठाणे भागातून पकडून बांगलादेशच्या सीमेपार ढकलले गेले. ते भारतीयच असल्याचे निष्पन्न झाल्यावर त्यांना परत आणावे लागले. नोंदी होत्या, त्या वेळेवर पाहणारे डोळे नव्हते.

म्हणून माझे म्हणणे थोडके आहे. नोंद सरकारची असेल तर तिच्यातील चुकीची शिक्षा माणसाला होऊ नये. शंका मिटेपर्यंत त्याचे काम आणि छप्पर शाबूत राहावे. जेथे बोलता येईल अशी एक खिडकी असावी, आणि मागेल त्याला हातात धरता येईल असा एक कागदही मिळावा. ही मागणी जगावेगळी नाही. युरोपीय नागरिकांना असा पुरावा द्यावा, अशी दुरुस्ती ब्रिटनच्या वरिष्ठ सभागृहाने २०२० मध्ये मंजूर केली होती. कनिष्ठ सभागृहाने ती फेटाळली.

आपण साहित्याचे लोक 'अस्मिता' आणि 'ओळख' या शब्दांवर चर्चासत्रे भरवतो. ओळख ही माणसांनी एकमेकांना द्यायची गोष्ट आहे, एवढे तरी त्या चर्चेत ठामपणे मांडले पाहिजे. पडद्यावर हिरवी खूण उमटेपर्यंत दारात उभ्या असलेल्या माणसाला त्या चर्चेतून निदान एक खुर्ची मिळावी.